कुत्रा गप्प झाला तेव्हा
पेजेत सुकट पडली की त्या वासाने मला गावी शेजारी राहणाऱ्या काकीचं घर आठवतं; तिच्या कुत्र्याचं तेच जेवण असायचं. काकी लेकीकडे गोव्याला निघाली, तेव्हा घर आणि कुत्रा माझ्यावर सोपवून तिने बजावलं, “कुत्रो भुकलो तर भियाव नको गो, पण गप झालो तर दार उघडू नको.” मी हसले होते. एका दिवेलागणीला तो घरामागच्या काजूच्या झाडांकडे तोंड करून भुंकत होता आणि भुंकता भुंकता एकदम गप्प झाला. माझ्या पायांत शिरून थरथरायला लागला. मी त्याला आत ओढलं, कडी घातली. पडवीत काहीतरी जड, सावकाश फिरलं आणि दाराच्या फटीशी हुंगत राहिलं. सकाळी अंगणातल्या सारवलेल्या खळ्यात बिबट्याची पावलं उमटली होती. आता आमच्या सोसायटीत रात्री कुत्री भुंकली की लोक वैतागतात. मला मात्र ती भुंकत असेपर्यंतच झोप लागते.