मालनअक्का तीनच्या खेळाला गेली

बार्शीला माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळीच सोलापूरहून निरोप आला होता आणि तो मला दुपारी चार वाजता सांगितला गेला. मधल्या वेळात मी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, पाहुण्यांना पोहे वाढले, एका मावशीच्या चेष्टेला खळखळून हसलेसुद्धा. मग भावानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि खाली बघत म्हणाला, "ताई, तुझी नणंद गेली गं... सकाळीच." शुभकार्य आहे, उद्या अक्षता पडल्या की जा, असं आईचं म्हणणं पडलं. मी हाताची हळदसुद्धा धुतली नाही. तशीच स्टँडवर गेले आणि मिळेल ती एसटी पकडली. सोलापुरात पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. अंगण धुऊन झालं होतं, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि माझी सासू, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणतो, ती रिकाम्या खाटेची दोरी उगाच घट्ट करत होती. लपवलेली ती सकाळ मी माहेरच्यांना अजून माफ केलेली नाही.

मालन माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायची. वय तेहेतीस. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत खेळ खलास. भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच सुस्कारा टाकायचा, "सुटली बिचारी. नवऱ्यानं टाकलेली... काय सुख बघितलं आयुष्यात?" पहिले काही दिवस मी गप्प ऐकून घेतलं. आता लिहिते. नवऱ्यानं तिला टाकलं नव्हतं, तिनं नवऱ्याला टाकलं होतं. आणि सुख म्हणाल तर ते तिनं दर आठवड्याला बघितलं, थर्ड क्लासात, बायकांच्या बाकड्यावर बसून, स्वतःच्या पैशाचं तिकीट काढून. अक्का पिक्चरवेडी होती. हे लपवून तिला सोशिक, देवभोळी वगैरे करायला निघालेल्यांनी हा लेख इथंच ठेवून द्यावा.

तिला दुधनीकडच्या एका खेड्यात दिली होती. नवऱ्याचं किराणा दुकान. एकदा गावाजवळच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. शेजारणीबरोबर जाऊन ती तो बघून आली, आणि दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्यातलं गाणं गुणगुणली. तेवढ्यावर नवऱ्यानं तराजूतलं वजन उचलून हाणलं. डाव्या भुवईवरचा तो व्रण मरेपर्यंत होता. रक्त थांबल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवली, आणि चालत दुधनी स्टेशन गाठून पॅसेंजरनं सोलापूरला आली. "आग कशाला विझवत बसलीस?" मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "घर पेटलं असतं तर मीच पेटवलं म्हणाले असते की."

मी तेव्हा या घरात नवी सून होते. एकाहत्तर साल असावं. दोनेक महिन्यांनी तिच्या सासरचे तिघे आले, चुलतसासरे पुढं, नवरा मागं. माझे थोरले दीर, दादा, सासऱ्यांच्या माघारी घरातले कर्ते. त्यांनी पाहुण्यांना घोंगडीवर बसवलं. बोलणं लवकर जुळलं. ते तिला न्यायला तयार होते. अट एकच, परत सिनेमाचं नाव काढायचं नाही, आणि आत्ता सगळ्यांसमोर पाया पडून चुकले म्हणायचं. दादांचा चेहरा एकदम उजळला. एवढ्यावर भागतंय म्हटल्यावर अव्वानं देवाला हात जोडले. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते.

"मालन, पड पाया," दादा म्हणाले.

अक्का मधे येऊन उभी राहिली. "पिक्चर सोडते," ती म्हणाली. "पण हात उचलणार न्हाई असं यांनी लिहून द्यावं."

दादांनी पाहुण्यांकडं बघितलं. मग चुलतसासरे हसले. "लिहून? आगं, नवरा हाय त्यो तुझा."

"मग मी पिक्चर बघणार."

एवढंच बोलली. आत गेली, लुगडं नीट केलं, वहाणा घातल्या. माझ्या हातातल्या ताटातला एक कप उचलून उभ्या उभ्याच प्यायली, आणि सगळ्यांच्या मधून दारातनं बाहेर पडली. तीनच्या खेळाला गेली! ती परत येईल म्हणून पाहुणे साडेतीनपर्यंत वाट बघत बसले. मग उठले. त्या दिवसापासून दादा तिच्याशी बोलले नाहीत. एका घरात राहून सात वर्षं. आणि अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "त्या पडद्यानं माझ्या लेकीचा संसार खाल्ला." वजनानं खाल्ला असं तिला कधी सुचलं नाही.

अक्काची आवड जगावेगळी होती. हिरोइनपेक्षा तिला खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी बाई जास्त आवडायची. "बघ, हिच्या चालण्यात कुणाची भीती हाय का?" म्हणायची. विनोदी नट पडद्यावर आला की त्यानं तोंड उघडायच्या आधीच हिचं हसणं सुरू. तमाशाचे मराठी पिक्चर ती आवर्जून बघायची आणि बघून आल्यावर दोन दिवस धुसफुसायची. "लावणी ऐकायला समदा गाव, आणि शेवटी गोळी लागून मरायची ती एकटीच. असं का गं?" मी शाळेत शिकवणारी, मला उत्तर यायला हवं होतं. आणि ज्या पिक्चरात शेवटी बायको नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते, तिथं अक्का उठायची. लोकांचे पाय तुडवत, "बसा खाली" असा ओरडा खात, ती सरळ बाहेर यायची आणि मला ओढून आणायची. त्यामुळं कितीतरी पिक्चरांचा शेवट मी आजतागायत पाहिलेला नाही.

मुंबईत पिक्चर लागला की तो आमच्याकडं येईपर्यंत महिनेच्या महिने जायचे. ते महिने अक्काचे खरे. गाणी रेडिओवर आधी यायची. गाणी ऐकून ती गोष्ट रचायची, कोण कुणाला भेटणार, कोण फसवणार, कोण मरणार. मग कधीतरी भोंगा लावलेला, दोन्ही बाजूंनी पोस्टरं बांधलेला टांगा गल्लीतनं जायचा, आणि अक्का हातातली कात्री टाकून दारात. पोस्टरात तिचं लक्ष चेहऱ्याकडं कमी, बाहीकडं जास्त. कारण तोवर तिनं शिवणकाम सुरू केलं होतं. जुनं मशीन घेऊन पुढच्या खोलीत बसली होती, आणि पहिल्याच शुक्रवारी पिक्चर बघून आली की संध्याकाळी तसाच गळा, तशीच बाही कापायची. कागद नाही, पेन्सिल नाही, सगळं डोळ्यांत साठवून आणायची. विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका, गिरणीतल्या कामगारांच्या बायका, दोन गल्ल्या पलीकडच्या मुसलमान मुली... खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. कुणाचं मराठी, कुणाचं तेलुगू, कुणाचं दखनी, पण फुग्याची बाही म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

एकदा एक म्हातारबुवा काठी आपटत आले. "माझ्या सुनेला नटी करतीस व्हय गं?"

अक्कानं मशीन थांबवलं नाही. "नटी कशाला? सून तुमचीच हाय. बाही तेवढी तिच्या पसंतीची."

म्हातारबुवा बघतच राहिले. जाताना मात्र काठी आपटली नाही.

मी बार्शीला निघाले त्या दुपारी ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे. अंगात बसायचं त्राण नव्हतं, पण बोलणं तेच. एका पिक्चरची ती वर्षभर वाट बघत होती. गाणी पाठ झालेली, पोस्टर चौकात लागलेलं. "दोघांची ताटातूट होणार," ती म्हणाली, "आणि शेवटी भेट न्हाई व्हायची. त्या दुसऱ्या गाण्यातच कळतंय की." मी म्हटलं, बरी हो, मग बघू. तिनं माझं मनगट धरलं. "सुमन, पहिल्या शुक्रवारी न्हाई जमलं तर दुसऱ्या. पर माझ्याबिगर बघू नगंस." मी मान हलवली. पिशवी उचलून निघाले. मागं वळून बघितलं का, ते आता आठवत नाही... फार प्रयत्न केला, आठवत नाही.

तेराव्यानंतरच्या शुक्रवारी तो पिक्चर लागला. टांगा गल्लीतनं गेला, भोंग्यावर तिचं दुसरं गाणं. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. अव्वा माझ्यासमोर तांदूळ निवडत होती. गाणं लांब गेल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"काय बघत होती ती, बघू तरी."

पासष्ट वर्षांत अव्वानं सिनेमाच्या थिएटरची पायरी चढली नव्हती. अक्काला मी शब्द दिला होता. पण या बाईला एकटीला कसं पाठवणार? माझी सकाळची शाळा, दुपार मोकळी. आम्ही दोघी निघालो. बायकांच्या खिडकीशी ही गर्दी! अव्वानं माझा पदर मुठीत घट्ट धरलेला. आत अंधार झाला आणि पडद्यावर पहिला भलामोठा चेहरा आला तशी ती मागं सरकली. हिंदी तिला कळेना. तिची भाषा अर्धी कानडी, अर्धी मराठी. मी कानात सांगत होते, मागच्या बायका आम्हाला गप्प करत होत्या. विनोदी नट विहिरीत पडला तेव्हा मात्र सांगावं लागलं नाही. अव्वा हसली. लगेच पदर तोंडात कोंबला. परत हसली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं.

इंटरव्हलला तिनं विचारलं, "मालन कुटं बसायची?"

मी दाखवलं. डावीकडची भिंत, पंख्याखाली, पाचवं बाकडं, कडेला. तिथं एक बाई शेंगा सोलत बसली होती. अव्वा उठली आणि माझ्या आधी तिथं पोचली.

"बाई, जरा सरक. माझ्या लेकीची जागा हाय ही."

बाईनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता सरकली. मला तिथं जागा नव्हती. उरलेला पिक्चर मी तीन बाकडी मागं बसून बघितला. म्हणजे बघितला कमी. अव्वाचं डोकं बघत होते. कानात सांगायला कुणी नव्हतं तरी ते पांढरं डोकं पडद्यावरनं हललं नाही. अक्काचा अंदाज साफ चुकला, शेवटी दोघं भेटली. ती असती तर दिग्दर्शकाला शिव्या दिल्या असत्या.

घरी आलो तर दादा दारात उभे. कुणीतरी आधीच सांगितलं होतं. "अव्वा, तेरावं होऊन चार दिवस न्हाई झाले. लोक काय म्हणतील? आणि तुला... तुला हेच बघायचं होतं? ज्यानं तिचं वाटोळं केलं?"

अव्वा पुढच्या खोलीत गेली. मशीनपुढच्या स्टुलावर बसली. पाय दुखत होते, ते चोळत तिनं विचारलं, "तू बघितलायस का त्यो पिक्चर?"

"मी? न्हाई."

"मग साकु. पुरे. गप बस."

दादा खरंच गप बसले. पुढची खोली कारकुनाला भाड्यानं द्यायचा विचार त्यांनी एकदा बोलून दाखवला होता, तोही पुन्हा काढला नाही. खोली आहे तशी आहे. शाळा सुटल्यावर मी मशीनवर बसते. माझी शिलाई वाकडी जाते, तरी बायका येतात. काल शुक्रवार होता. कपड्यांचा ढीग पडला होता आणि मी मान वर न करता काज करत होते. अडीच वाजता उंबऱ्यात सावली पडली. अव्वा वहाणा घालून उभी होती.

"उठ की," म्हणाली. "जागा जाईल."