बाबांच्या गाण्यांचा वाढपी

आमचे बाबा जिंतूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. परभणी, सेलू, सगळ्या गाड्या त्यांच्या आवाजावर सुटायच्या. ड्युटी संपली की तोच आवाज वस्तीतल्या गायन पार्टीत लागायचा, आणि एप्रिलात, जयंतीच्या महिन्यात, तर माणूस घरी फक्त अंघोळीपुरता यायचा. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आता त्यांच्या तोंडाशी कान नेला तरच बोलणं कळतं. आईला बोलवायचं असलं की टाळी वाजवतात.

गाणी मात्र राहिली. बाबांनी जुन्या कॅसेटींवरून ती एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवली आणि आता त्यांचा सगळा दिवस त्यांची खरखर काढण्यात जातो. त्यातलं शेवटचं गाणं ऑपरेशनच्या आधी घरातच, बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन बसून म्हटलेलं. आई ते रोज सकाळी लावते. बाकीच्या गाण्यांची नक्कल मी पुण्याला माझ्याकडं नेऊन ठेवली, पण त्या एका गाण्याला आईनं हात लावू दिला नाही. ‘ते घरचं हाय, ते हितंच ऱ्हाऊ दे,’ म्हणाली. अगं, जळलं, बिघडलं तर काय करशील, म्हणून मी लय डोकं आपटलं. ती भाकरी थापत राहिली.

मी पुण्यात जे काम करते ते आईला कधी समजावता आलं नाही. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा, आणि पोटातल्याचं दुखणं बाहेरच्याला लागू द्यायचं नाही, एवढंच ते काम. गेल्या उन्हाळ्यात बाबांचं जुनं मशीन कायमचं बसलं तेव्हा हेच घरी करायची वेळ आली. खरखर काढायचं त्यांचं लाडकं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नाही, आणि दुसरं शिकायला ते तयार नाहीत. मग मी नवं मशीन आणलं, जुन्यातली गाण्यांची डिस्क त्यात बसवली, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं आणि त्याच्या पोटात जुनी विंडोज बसवली.

आता प्रश्न असा की गाणी बाहेर आणि सॉफ्टवेअर आत. मधे कुणीतरी ने-आण करणारा लागतो. पंगतीत वाढपी असतो तसा एक प्रोग्राम त्यासाठी असतो, आतल्याने मागितलं की बाहेरच्या फोल्डरमधून आणून वाढणारा. आळशी रीत अशी की या वाढप्याला मशीनचे सगळे अधिकार द्यायचे, म्हणजे कटकट नको. मी तीच रीत धरणार होते. कामावरून सुट्टी थोडी, उन्हाळा जिंतूरचा आणि वीज जायची. पण अशा वाढप्याला पुढं दर वेळी हात लावायला मुख्य पासवर्ड लागतो, आणि तो लिनक्स टाकतानाच बाबांनी स्वतः घालून स्वतःकडं ठेवला होता.

‘सांगा ना बाबा.’

‘न्हाई,’ ते माझ्या कानाशी म्हणाले. ‘तुला काय बसवायचं ते बसव, तेवढ्यापुरता मी टाकतो. सांगणार न्हाई. तू पुण्याला जाशील, मशीन हितं ऱ्हाणार हाय.’

एवढी वर्षं त्यांनी कंट्रोल रूमच्या माइकला कुणाला हात लावू दिला नव्हता, मला काय देणार होते! मी चिडले, दोन वेळा जेवताना बोलले नाही. शेवटी मुकाट्यानं अवघड वाट धरली. वाढपी कुठल्याच खास अधिकाराशिवाय, साध्या माणसाच्या पायरीवर चालवायचा. त्याला एका बंद खोलीत असं बसवायचं की खोलीत तो स्वतःला मालक समजेल, पण बाहेर त्याला काडीची किंमत नसेल. बाकीचं घर त्याला दिसणारच नाही. खोलीत भांडी, म्हणजे फोल्डर, दोनच. एकात सगळी गाणी, त्यातून वाढायचं पण त्यात काही टाकता येणार नाही. दुसरं रिकामं, देवाणघेवाणीचं, त्यात काय वाट्टेल ते घाला आणि काढा. साफ केलेलं गाणंही आधी त्यात पडणार, मग बाबा ते बाहेरून पहिल्यात ठेवणार. चार दिवस माझे त्यात गेले. झालं तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

देवाणघेवाणीचं भांडं लागणारच होतं, कारण जयंती आली की आमच्याकडं पेनड्राइव्हांची रांग लागते. पेडगावहून, सोनपेठहून, कुठून कुठून लोक येतात, बाबांची गाणी भरून नेतात. आणि आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसं कुणी पेनड्राइव्हसुद्धा रिकामा आणत नाही. पोराच्या नाचाचा व्हिडिओ, पुतणीच्या हळदीचे फोटो, नव्या घराची चित्रं, काही ना काही बाबांसाठी घालून आणतात. बाबा ते सगळं उघडून बघतात, माणसासमोर बघतात, नाही बघितलं तर त्याला काय वाटेल! मी हजार वेळा सांगितलं की बाबा, असं काहीही उघडू नका. ते मान हलवायचे आणि पुढचा पेनड्राइव्ह लावायचे. निदान लावायचा तो पोटातल्या विंडोजलाच, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

यंदा जयंतीच्या आधी मी घरी होते आणि मधल्या खोलीत बसून ऑफिसचं काम करत होते. बाहेरच्या खोलीत पेडगावचा माझा मामेभाऊ आलेला. त्याचा साउंडचा धंदा आहे, दर वर्षी गाणी न्यायला येतो. तेवढ्यात बाबांच्या टाळ्या सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, थांबेचनात. मी कानातले हेडफोन काढून पळाले.

पडद्यावर लालभडक पाटी, इंग्रजीत धमकी. तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं आहे, पैसे भरल्याशिवाय उघडणार नाही. मामेभावानं हौसेनं साखरपुड्याचा व्हिडिओ आणला होता, आणि त्याच्याबरोबर हे आलं होतं.

‘ताई, मी काय बी केलं न्हाई, नुसता व्हिडिओ दाखवायलोय,’ तो म्हणाला.

‘तू गप बस जरा,’ मी म्हणाले. पोटातली विंडोज मी तिथल्या तिथं बंद केली.

आई कणकेच्या हातानं दारात आली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. ‘ते गाणं?’ एवढंच म्हणाली.

मी देवाणघेवाणीचं भांडं बाहेरून उघडलं. तिथल्या प्रत्येक फायलीचं नाव बदललेलं, एकही उघडेना. पोरांचे नाच, हळदी, सगळं गेलं. आता सगळं त्या वाढप्यावर होतं. आतल्या रोगानं त्याला फितवलं असेल, त्याच्या खोलीची भिंत कुठं मी कच्ची ठेवली असेल, तर तो बाहेर येऊन घरभर फिरला असेल. कंपनीत अशा वेळी मी थंड डोक्यानं बसते. इथं मी उभ्यानंच क्लिक करत सुटले. बाबा खुर्चीला धरून उभे होते आणि आईकडं बघत नव्हते.

गाण्यांचं भांडं उघडलं. नावं जशीच्या तशी. सगळ्यांत खाली ते गाणं होतं. वाढपी आपल्या खोलीत आपल्या पायरीवर बसून होता, आणि त्याच्या हातात अधिकारच नसल्यामुळं त्याच्याकडून कुणाला काही काढून घेता आलं नव्हतं.

‘हाय, आई. सगळी हायेत.’

‘लावून दाखव,’ ती म्हणाली. तिला नावाचा भरवसा नव्हता.

मी लावलं. पेटीचा सूर आला आणि बाबांचा आवाज खोलीभर झाला. मामेभावानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आई कणकेचे हात तसेच धरून भिंतीला टेकली. मी ते गाणं अनेकदा ऐकलेलं, पण कायम घाईत, शेवटचा आलाप झाला की उठून जायचं. आताही आलाप संपला तसा बंद करायला हात पुढं केला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग बाबांचा आवाज, गाण्याचा नाही, स्टँडवरचा नाही, घरातला, मी पाचवी-सहावीत असताना संध्याकाळी ऐकायचे तो.

‘अगं, ऐकायलीस का? झालं माझं. चहा ठेव जरासा.’

एवढंच होतं. त्यापुढं काही नव्हतं. हा आवाज मी विसरून गेले होते हे मला तेव्हा कळलं, आणि मला रडू आवरेना.

‘ठेवते,’ आई कॉम्प्युटरकडं बघून म्हणाली, रोज म्हणत असावी तशी, आणि आत वळली.

बाबांनी तिच्या मागून माझ्याकडं आणि मामेभावाकडं हात केला आणि चार बोटं दाखवली. तिची पाठ होती, तिला दिसलं नाही. म्हणून मी डोळे पुसले आणि मोठ्यानं सांगितलं, ‘आई, चार कप ठेव म्हणायलेत.’