नाशिकची खाद्यभटकंती आणि मिलिंदवरची पाळत

"नाशिकला दोन दिवस नुसतं खायला जाऊ या," असं मिलिंद म्हणाला, तेव्हा मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. माझा वाढदिवस नव्हता. लग्नाचाही नव्हता. सव्वीस वर्षांच्या संसारात सहली मी ठरवते आणि माझा नवरा फक्त गाडी चालवतो, ही आमच्या घरची पद्धत. या वेळी मात्र हॉटेल, शनिवार संध्याकाळचा फूड वॉक, रविवारी देवळाली कॅम्पला एका बाईंच्या घरी बेकिंगचा क्लास, सगळं त्यानं मला न विचारता ठरवून टाकलं होतं.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना मी खरं सांगते. मला संशय आधीपासूनच होता.

मिलिंदनं दीड वर्षापूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. गेल्या जूनमध्ये त्याला जोराचा ताप येऊन गेला आणि त्यातून उठल्यावर माणूस बदलला. ज्यानं कधी कुकर लावला नव्हता त्यानं ओव्हन आणला. ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणला. दर दोन दिवसांनी केक, बिस्किटं, ब्रेड. तिथवर ठीक होतं. पण मग आले शर्ट. आयुष्यभर बँकेतल्या करड्या-निळ्या पट्ट्यांत वावरलेला हा माणूस फिकट पिवळे, पानाफुलांचे, ढगळ सुती शर्ट घालायला लागला. दिवसातून दोनदा अंघोळ, दोनदा कपडे, आणि बाहेर पडताना मानेवर अत्तर. ज्यांचे नवरे पन्नाशी ओलांडलेले आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटे पाचला पुण्याहून निघालो. चाकण सहाच्या आत ओलांडा, नाहीतर तिथेच तास जातो. नारायणगावला चहा घेतला. संगमनेर मागे पडेपर्यंत उन्हाला धार आली होती. सिन्नरनंतर मिलिंदचा फोन वाजला. त्यानं स्क्रीनवरचं नाव बघितलं, गाडी बाजूला घेतली आणि चक्क खाली उतरून बोलला. रस्त्याकडेला पाठमोरा उभा राहून. मी काचेतून बघत होते. तो दोनदा हसला.

"कोण होतं?"

"हॉटेलवाला. खोली तयार आहे म्हणाला."

हॉटेलवाल्याशी कुणी इतकं गोड हसत नाही.

अकराच्या सुमारास गंगापूर रोडला झाडाखाली टेबलं मांडलेल्या एका ठिकाणी मिसळ खाल्ली. सोबत पापड, दही आणि एक जिलबी. दोघांचे तीनशेच्या आत झाले. सकाळी दहाच्या आत गेलात तर थांबावं लागणार नाही. मिलिंद एरवी तिखटाला घाबरतो. त्या दिवशी त्यानं वरची तर्री मागितली, आणि पुन्हा मागितली. वाढणारा माणूस म्हणाला, "साहेब, लय तिखट हाय, जपून बरं." याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चेहरा आनंदी.

"कशी आहे गं?" त्यानं मला विचारलं.

"मटकी छान मोड आलेली. रस्सा भाजलेल्या खोबऱ्याचा, मागून लवंग येते."

त्यानं फोन काढून काहीतरी टाइप केलं. कुणाला, ते दिसलं नाही.

दुपारी ऊन टाळायला कॉलेज रोडच्या दुकानांत शिरलो. मी एक मलमलचा कुर्ता आणि खिसे असलेली घोळदार पँट घेतली. नाशिकच्या उन्हाळ्यात याहून जास्त काही अंगाला सोसत नाही. मिलिंदनं आणखी दोन शर्ट घेतले आणि दुकानदाराला विचारलं, "यात घाम लवकर सुकतो ना? वास धरत नाही ना?" मी आरशात त्याच्याकडे बघत होते. कोणाला वास जाणार होता?

संध्याकाळी पाचला रविवार कारंज्यावर जमायचं होतं. आम्ही आणि ठाण्याचं एक चौकोनी कुटुंब. वॉक घेणारी अश्विनी पस्तिशीतली, डोक्यावर टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. तिनं सगळ्यांना नावं विचारली, फक्त आम्हाला नाही.

"मिलिंद सर ना? आवाजावरून ओळखलं. आणि या मॅडम!" असं म्हणून तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

वॉक उत्तम होता, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. उलटा वडापाव, म्हणजे आत सारण भरलेला अख्खा पावच बेसनात बुडवून तळलेला. मेन रोडच्या गर्दीतून वाट काढत भेळभत्ता, म्हणजे कांदा-मिरची घातलेली सुकी भेळ. सराफ बाजाराजवळ गरम जिलबी. पुढे घाटाकडे उतरताना झेंडूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. माणशी सातशे रुपयांत पोट फुटेपर्यंत. पण माझं अर्धं लक्ष त्या दोघांकडे. प्रत्येक ठिकाणी अश्विनी पहिला घास मिलिंदला द्यायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो किंचित मान हलवायचा. नाही, अशी. भेळभत्त्याच्या गाडीपाशी तो अचानक थांबला, डोळे मिटले, आणि तिनं हळूच विचारलं, "आलं का काही?" मी दोन पावलं पुढे आले तशी दोघंही गप्प.

रात्री मी भांडले नाही. भांडायला पुरावा लागतो.

पुरावा सकाळी मिळाला. मिलिंद अंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन उशीवर उजळला. "सर, आजही मॅडमना काही बोलणार नाही. तुम्ही निवांत या. अश्विनी." मी ते दोनदा वाचलं. मग फोन जिथे होता तिथेच ठेवला आणि नवा कुर्ता घातला. का घातला माहीत नाही. जे काही व्हायचं ते चांगल्या कपड्यांत व्हावं, असं वाटलं असेल.

सातला त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी होतो. उन्हाळ्यात सकाळीच चढा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि वर सावली फक्त लेण्यांतच. बुद्धांच्या मूर्तीपुढे दोघांनी हात जोडले. बाहेरच्या ओट्यावर बसलो. खाली शहर अजून धुरकट होतं.

"मिलिंद, तुझ्या फोनवर अश्विनीचा मेसेज होता. मला दिसला."

खाली शहराकडे बघतच तो म्हणाला, "वैशू, मला वास येत नाही."

"कसला?"

"कसलाच नाही. त्या तापापासून. तिखट झोंबतं, गोड-खारट जिभेला थोडं कळतं. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं."

मला आधी राग आला तो यासाठी, की मी दुसऱ्याच भांडणाची तयारी करून आले होते. मग एकेक गोष्ट त्यानं स्वतःच सांगितली. स्वतःच्या घामाचा वास कळत नाही, लोक नाक मुरडतील अशी धास्ती, म्हणून ते पातळ शर्ट, दोनदा अंघोळ, अत्तर. बेकिंग का, तर "ओव्हनला नाक लागत नाही. काटा आणि घड्याळ लागतं." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल किंवा येणारही नाही, पण रोज उग्र वासांत नाक घालत राहा. म्हणून ही बाजारातली भटकंती. अश्विनीला आधी फोन करून सांगितलं, म्हणजे ती मुद्दाम एकेक पदार्थ वेगळा देईल. सिन्नरनंतरचा तो फोनही तिचाच. आणि फोनमधलं टाइप करणं? त्यानं उघडून दाखवलं. दहा महिन्यांची माझीच वाक्यं. "आमटी: चिंच पुढे, गूळ मागे." मुलीनं, पाहुण्यांनी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

मला डिसेंबर आठवला. दूध करपून घरभर धूर झाला होता आणि हा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होता. मी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडले होते. त्यानं निमूटपणे पातेलं घासलं होतं.

"मला का नाही सांगितलंस? त्या परक्या बाईला सांगितलंस!"

"तिला सांगणं सोपं होतं. ती माझ्यासाठी रोज स्वयंपाक करत नाही." मग हळू आवाजात, "मी पहिला घास घेतला की तू बघतेस माझ्याकडे. तुझं ते बघणं थांबलं असतं."

म्हणजे दहा महिन्यांचं प्रत्येक "छान झालंय" खोटं होतं. ते गिळायला मला वेळ लागला. खाली रिक्षांची वर्दळ सुरू झाली. शेवटी त्यानंच विचारलं, "माझे केक कसे होतात? खरं सांग."

आता मला खोटं बोलता येईना. "पहिले चार महिने नुसता सोडा. मी 'मस्त' म्हणून खालच्या कुत्र्यांना घालत होते. त्यातलाही एक उठून गेला."

तो इतक्या मोठ्यानं हसला की लेण्यांवरच्या पहारेकऱ्यानं डोकावून बघितलं. मग आम्ही दोघंही रडलो, ते मी इथे लांबवत नाही.

बेकिंगचा क्लासही अश्विनीच्याच घरी होता, त्यामुळे देवळालीला जायची माझी इच्छा नव्हती. तरी गेलो. कॅम्पचे रस्ते सावलीचे, शहरापेक्षा थंड. अश्विनीचा नवरा फौजेत, सध्या उत्तरेला; ती मुलीसोबत इथे राहते. दारातच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कळलंय ना? चेहऱ्यावर दिसतंय. मी सरांना दोनदा म्हटलं होतं, आधी घरी सांगा."

"मग नसतंच ठेवायचं गुपित," मी म्हटलं. जरा तोडूनच.

"हो, चुकलं माझं," ती म्हणाली, आणि एप्रन माझ्या हातात दिला.

नाचणी आणि बेदाण्यांचा केक करायचा होता. भट्टीतून साचा काढल्यावर तिनं मिलिंदला वाकायला सांगितलं. "सर, कान जवळ न्या. चरचर ऐकू येतेय?"

"येतेय."

"म्हणजे आत अजून ओला आहे. आवाज मंदावला की झाला. वास घ्यायची गरजच नाही."

साचा परत आत गेला. सात मिनिटांनी तो बाहेर काढून त्यानं पुन्हा कान लावला. त्याचा चेहरा शाळेत पहिल्यांदा बरोबर उत्तर आलेल्या मुलासारखा झाला. मी अश्विनीवरचा राग तिथेच सोडला. थोडासा ठेवला.

निघताना मी गाडीत विचारलं, "काल भेळभत्त्यापाशी काय आलं होतं?"

"कांदा वाटला क्षणभर. किंवा नुसतं वाटलं."

तो मला बरं वाटावं म्हणून म्हणाला का, हे मला आजही माहीत नाही. तेवढा संशय राहणार.

नाशिकला जाणार असाल तर दोन दिवस पुरतात, कपडे सुती घ्या, पोट रिकामं न्या. आमच्या घरी गॅस गळती सांगणारं यंत्र लागलंय. मिलिंदनं मुलीला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. आणि मी घरात मोठ्यानं बोलायला लागलेय: फोडणी बसली, भात लागतोय, मोगरा उमललाय.

परवा संध्याकाळी फिरून येताना लिफ्ट बंद होती. पहिल्या मजल्यावर मी थबकले. तिथे राहणारे नाना सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये आमच्या स्वयंपाकघरातल्या मासळीच्या वासाची तक्रार करतात.

"काय झालं?" मिलिंदनं विचारलं.

"सुकट भाजतायत."

"कुठे?"

"नानांकडे."

तो थांबला. जोरात श्वास घेतला. त्याला काहीच आलं नाही. मग माझ्याकडे असा बघायला लागला, जसं मी वर्षभर त्याच्याकडे बघत होते.

"शपथ?"

"शपथ."

मी खोटं बोलत नाहीये, हे त्याला पटायला आणखी दोन मजले लागले.