तळपायाची आग थांबली तेव्हा

आमच्या ह्यांच्या तळपायांची आग थांबली, त्या दिवशी मी शिरा केला होता. घरात साखरेचा पेशंट आणि आनंद साजरा करायला शिरा, पण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. त्या आगीनं आमच्या घरात सगळ्यांना वेठीस धरलं होतं. हे कंपनीतून आले की बूट भिरकावून आधी गार फरशीवर पाय घासायचे, मग बादलीत पाय बुडवून बसायचे, आणि तिथूनच "मुंग्या चावायल्यात गं, लाल मुंग्या!" म्हणून मला हाका मारायचे. पायाला पांघरूण लागलेलं चालायचं नाही. चुकून माझा पदर घासला तरी खेकसायचे. मीही काही शांत बाई नाही. मुंग्या चावतायत तर मुंग्यांवर ओरडा, माझ्यावर कशाला, असं मी त्यांना तिथल्या तिथे सुनवायची.

शेवटी मी माहेरहून काशाची वाटी आणली. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीनं घासत राहायचं. घासता घासता तळवे काळे पडतात. ते काळं म्हणजे अंगातली उष्णता बाहेर आली, असं आमच्याकडे सगळे मानतात. रोज संध्याकाळी मालिका बघत मी वाटी फिरवायची, आणि हे काळे झालेले तळवे उलटेपालटे करून "निघाली, आज बरीच निघाली" असं म्हणायचे. हळूहळू आग कमी झाली, आणि एक दिवस पार थांबली.

"बंद झाली बघ! काहीच होईना गेलंय मला!" हे म्हणाले. हे मूळचे मराठवाड्यातले. इतकी वर्षं चाकणला काढली, तरी आनंद झाला की बोलणं तिकडचंच येतं.

आम्ही राहतो त्या चाळीत सगळ्या खोल्या कंपनीवाल्यांच्या. मालकीणकाकू तेवढ्या इथल्या जुन्या गावातल्या. त्यांच्या कानावर ही बातमी जायला वेळ लागला नाही. "व्हय गं, माझ्या बी पायाची लई आग व्हती. दे की ती वाटी, आमी काय खातो का तिला," म्हणून त्या वाटी घेऊन गेल्या, ती त्यांच्याकडून पुढच्या खोलीत गेली, तिथून वरच्या मजल्यावर. आमची वाटी आम्हालाच मागून आणावी लागे. हे मात्र भलतेच खूश. संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तूप किती, दाब किती, टाचेकडून सुरुवात करायची की बोटांकडून, हे समजावून सांगायचे. घरात कधी चहाचा कप न उचलणारा माणूस, पण चाळीतल्या पायांची काळजी त्यांना फार.

आता ह्यांच्या कामाबद्दल सांगायला हवं. हे महाळुंग्याला पत्रे दाबायच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथल्या मशीनला पुढच्या बाजूला सेन्सर असतो. मध्ये कुणाचा हात आला तर मशीन भोंगा वाजवून जागच्या जागी थांबते. पण सेन्सर बिघडला की हात नसतानाही थांबते, माल अडकतो, आणि सुपरवायझरचा आवाज चढतो. अशा वेळी हे जाऊन वायरीचा एक छोटा तुकडा असा काही जोडतात, की मशीनला वाटतं सगळं ठीक आहे. ह्याला बायपास म्हणतात. तात्पुरताच असतो, म्हणजे नवीन सेन्सर येईपर्यंत. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा ह्यांच्या एका तुकड्यालाही हळदकुंकू लागलं, इतका तो जुना झाला होता. पण माणूस कामाचा, म्हणून कंपनीत ह्यांना मान. मशीन ओरडायची बंद झाली म्हणजे बरी झाली, हा तिथला रिवाज. ह्यांनी तोच रिवाज घरी आणला, आणि मी त्यावर शिरा केला.

मी स्वतः गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या टेबलावर वायरींची आख्खी जुडी मांडलेली असते, आणि शेवटी एकेक टोक लावून बघायचं की इकडचा करंट तिकडे पोचतो का. पोचला तर दिवा लागतो. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल असतात, नखाएवढे, धारदार. ते एप्रनच्या खिशात जातात, ओढणीला अडकतात, आणि आमच्याबरोबर घरी येतात. एकदा वरणातही निघाला होता.

त्या दिवशी हे दारातल्या खुर्चीवर बसून काकूंना वाटी कशी धरायची ते दाखवत होते. मी भाजी घेऊन आले तर उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत फरशीवर लाल ठिपके. मला आधी वाटलं, कुणाच्या हातून कुंकू सांडलं. मग दिसलं की ठिपके ह्यांच्या मोज्यापाशी येऊन थांबलेत, आणि मोजा पुढच्या बाजूनं ओला आहे.

"अहो, रक्त!"

हे वाकले, बघितलं, आणि अगदी चौकशीच्या सुरात म्हणाले, "कुणाचं?"

मी मोजा सोलून काढला. अंगठ्याखालच्या मांसात पितळी टर्मिनल रुतला होता, आमच्याच कंपनीचा माल. माझ्या एप्रनमधून ह्यांच्या बुटात पडलेला, आणि हा माणूस सबंध शिफ्ट त्याच्यावर उभा होता, जिने चढला-उतरला होता, दुपारी कुणाशी तरी पैज लावून गेटपर्यंत पळालाही होता. मी तो ओढून काढला तेव्हा माझ्याच तोंडून "आई गं" निघालं. हे काकूंना सांगत होते, "बघा, अजिबात दुखेना गेलंय. वाटीचा गुण."

काकूंनी वाटी खाली ठेवली. "न्हाई बाबा," त्या म्हणाल्या, "हे काय खरं न्हाई. दवाखान्यात न्या ह्यांना."

चिंचवडच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी जखम धुतली, पट्टी केली, आणि मग एक जाड नायलॉनचा दोरा काढला. ह्यांना म्हणाल्या, "डोळे मिटा. दोरा पायाला टेकला असं वाटलं की हो म्हणा."

हे म्हणाले, "हो." मग "हो." मग पुन्हा "हो." अगदी मशीनच्या ठेक्यात. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग दोरा ठेवून दिला, चष्मा पुसायला घेतला.

"हो," हे म्हणाले.

"आता कशाला हो म्हणालात? मी हातच लावलेला नाही."

ह्यांनी एक डोळा उघडला. "म्हटलं, तुमची वेळ झाली असंल."

मला आधी हसूच आलं. पण मी अशा हजारो वायरी लावून बघितल्यात. टोकाला दिवा न लागणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. बोटाला काही टोचलं की त्याचा निरोप नसेतून पाय चढून कमरेत येतो, तिथून पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जातो, आणि मेंदूला पोचला की मग आपल्याला दुखतं. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा सगळ्यात आधी. म्हणून हाताच्या आधी पाय. "खराब होत असताना त्या खोटे निरोप पाठवतात," त्या म्हणाल्या. "आग नसताना आग, मुंग्या नसताना मुंग्या. पुरत्या निकामी झाल्या की निरोपच बंद. लोकांना वाटतं बरं झालं."

"म्हणजे गाडीच्या मागच्या दिव्याची वायर," मी म्हणाले. "पुढून पार मागपर्यंत जाणारी."

"तसं समजा. फक्त तांब्यात करंट आपसूक धावतो. नसेत तसं नाही. तिथे निरोप टप्प्याटप्प्यानं पेटत पुढे जातो, आणि तेवढं करायला नस जिवंत लागते. आणि ही वायर बदलून मिळत नाही."

ह्यांनी लगेच विचारलं, "मधून एखादा तुकडा जोडून?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तव्याला हात लागला तर आधी ओरडता की आधी हात मागे घेता?"

"हात," मी म्हणाले.

"तो पाठीचा कणाच मागे घेतो. मेंदूला मागाहून कळतं."

"आमच्या घरात पण असंच हाय," हे माझ्याकडे बघत म्हणाले. "ठरतं आधी, मला मागून कळतं."

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि हसणं संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्या पायात आता तेही होत नाही. पाय आपणहून मागे येणार नाही. ही जखम खोल आहे. पायावर भार द्यायचा नाही, साखर खाली आणायची. नाही भरली, आत चिघळली, तर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर थांबलं तर नशीब. आणि ती वाटी बंद."

रिक्षात हे पट्टी बांधलेल्या पायाकडेच बघत बसले. एरवी सिग्नलला थांबलं तरी सिग्नलचं वायरिंग कुणी केलं यावर बोलणारा माणूस. भोसरीच्या पुलाखाली त्यांनी फोन काढला आणि सुपरवायझरला लावला. "भाऊ, दोन नंबरच्या मशीनचा बायपास काढा. हो, आजच. नवा सेन्सर बसवा." पलीकडचा म्हणाला, माल डिस्पॅच झाल्यावर बघू. "डिस्पॅच गेलं खड्ड्यात," हे म्हणाले. सुपरवायझरला ते असं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले. पुढचे काही दिवस रोज घरून फोन करून त्यांनी त्या माणसाला इतकं छळलं, की त्यानं सेन्सर बसवून त्याचा फोटो पाठवला.

त्या दिवसांत ह्यांच्या छळाला मीही सापडले होते. पाय उशीवर ठेवून हे कॉटवर पडलेले, आणि पंखा जोरात, पंखा हळू, चहा बिनसाखरेचा म्हणजे चहाच नव्हे. मी कामावरून आले की आधी पाय बघायची. टाचेखाली आरसा धरायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या, जखमेचा रंग बघायचा. एक आठवडा रंग चांगला दिसेना. त्या आठवड्यात मी फार भांडले. भाजीवाल्याशी, काकूंशी, कंपनीत लाइनवरच्या बायकांशी. मला भीती वाटत होती, आणि घाबरलेलं असताना मला भांडण्याशिवाय दुसरं काही जमत नाही. ह्यांचा अंगठा गेला तर काय, पाऊल गेलं तर हे उभे राहून काम कसे करणार, हा विचार मी वांगी चिरताना करायची आणि वांग्याचा पार भुगा व्हायचा.

मग एका तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरतेय." त्यानंतर भरत गेली. अंगठा राहिला. हे कामावर जायला लागले. आता बूट घालायच्या आधी ते उलटा करून आपटतात, आत हात घालून चाचपतात, मग बॅटरी मारून बघतात. शेजारची माणसं हसतात. हसू देत.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, ह्यांच्या पायाला पुन्हा कळायला लागेल का. साखर आटोक्यात राहिली तर आहे तेवढं टिकेल, त्या म्हणाल्या होत्या, गेलेलं परत येईलच असं नाही.

अजून रोज संध्याकाळी मी पाय बघते. हे टीव्हीसमोर पाय लांब करून बसतात, मी खाली पाट घेऊन बसते. बघून व्हायला फार वेळ लागत नाही. काल बघून झालं, सगळं ठीक होतं, आणि मी सहज त्यांच्या तळव्यावर हात ठेवला. पूर्वी माझा नुसता पदर लागला तरी ओरडणारा माणूस समोर मॅच बघत होता. मी हात दाबून धरला. तरी त्यांना पत्ता नाही.

"झालं का बघून?" टीव्हीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले, "अजून बघतेय."