टेहळणीवरचा माणूस

मावशीला त्या बेटांवर न्यायचं म्हणजे डोक्याला ताप होता, आणि तो मी आपण होऊन घेतला होता. बोट पंधरवड्यातून एकदाच सुटते. पहिल्या खेपेला वारं सुटलं म्हणून रद्द झाली. दुसऱ्या खेपेला पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांच्या सिलिंडरांनी जागा अडवली आणि आम्ही धक्क्यावरूनच परत आलो. तिसऱ्यांदा चढलो, तर मावशी वाटभर ओकत होती आणि मध्येच मान वर करून विचारत होती, "आलं का गं?"

तिला बघायचं होतं एक फुटकं जहाज. बेटांच्या पलीकडे, पोवळ्यांच्या खडकावर ते कित्येक वर्षं रुतून बसलंय. ते आपटलं तेव्हा टेहळणीवर काका होते, मावशीचे यजमान. भर दिवसा झोपले, असं चौकशीत ठरलं. नोकरी गेली. मग साधी रखवालदारीही कुणी देईना. झोपणारा रखवालदार कुणाला हवा? मावशी होड्यांची छतं शिवते. तिच्या मशीनपुढे ताडपत्रीची टोकं धरण्यात काकांचा उरलेला जन्म गेला. दुपारी ते कधी आडवे झाले नाहीत. ताप असला तरी खुर्चीत ताठ बसायचे. "खडक दिसलाच नाही गं," एवढंच म्हणायचे. एकदा मावशीनं विचारलं, "खरं सांगा, डुलकी लागली होती ना?" त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी तिच्याशी अबोला धरला. गेल्या वर्षी ते गेले. तेव्हापासून तो प्रश्न तिला छळतोय, आणि ती मला.

बेटावरून त्या जहाजापर्यंत छोटी होडी जाते. आमच्या होडीतला गाईड म्हणजे तोंडाचा पट्टा सुटलेला प्राणी. "स्वच्छ आभाळ, लख्ख ऊन, आणि टेहळणीवरचा गडी ढाराढूर!" असं म्हणून त्यानं घोरून दाखवलं. होडीभर हशा. माझा पारा चढला.

"सांगू का त्याला कोण होते ते?" मी मावशीच्या कानात म्हटलं.

"काय सांगणार? झोपले होते की नाही, मला तरी कुठं ठाऊक आहे?"

वाटेत पर्यटक मासे बघायला पाण्यात उतरले, ते वर येईचनात. एकाचा फोटो नीट आला नाही म्हणून सगळे पुन्हा खाली गेले. ऊन कललं. शेवटी होडी निघाली. लांबवर जहाजाचा काळा आकार दिसला, मावशीनं माझा दंड घट्ट धरला, आणि तेवढ्यात होडीवाल्यानं इंजिन बंद केलं.

"आता पुढं नाही जायचं. ऊन समोर आलंय."

"एवढं आणून आता तोंडाला पानं पुसता?" मी ओरडले.

"ताई, होडी फुटेल माझी. सकाळी ऊन पाठीमागे असतं, तेव्हा खडक पिवळट दिसतो. आता पाण्याचा आरसा झालाय. डोळे फाडून बघितलंत तरी काही दिसणार नाही. बघा की."

मावशी उभी राहिली. कपाळावर हात धरून तिनं बघितलं, खूप वेळ. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बघत राहिली.

मग गाईडकडे वळली. "जहाज इकडूनच गेलं होतं ना?"

"हो, मावशी."

"कधी?"

"ऊन उतरताना. याच सुमाराला."

"मग यांना कसा दिसला असता रे खडक? माझे यजमान होते ते."

गाईडचा चेहरा उतरला. "चुकलं, मावशी. उद्यापासून नाही सांगणार."

मावशी मटकन बसली. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल. कसलं काय! ती संतापली होती. "इतकं साधं होतं? चौकशीवाल्यांपैकी एकानं तरी इथं येऊन बघायचं! आणि मी? मी तरी यांच्यावर विश्वास ठेवायचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा घेऊन आम्ही धक्क्यावर आलो. परतीची बोट भोंगा देत होती. बाजूच्या छोट्या होडीत आमचा गाईड नव्या गिऱ्हाइकांना तोच किस्सा रंगवून सांगत होता, झोपलेल्या गड्यासकट.

मावशी थबकली. आपली बॅग तिनं माझ्या हातात दिली.

"तू हो पुढं."

"अगं, पुढची बोट पंधरवड्यानं आहे!"

"माहितेय मला."

ती त्या होडीत उतरली, लोकांना सरकवत गाईडच्या अगदी समोर जाऊन बसली आणि पदर खोचला.

"हं," ती म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग."