नानांची उष्णता

गुळवे नानांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, उष्ण आणि थंड. पपई उष्ण, काकडी थंड. माझे वडील उष्ण, आई थंड. मी जन्मले तेव्हा म्हणे पाळण्यात वाकून त्यांनी निकाल दिला, "लई उष्ण हाय पोरगी, जपा." तो फारसा चुकला नाही, असं घरचे अजून म्हणतात.

नाना कोपरगावजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या होते. हंगामभर उकळत्या रसाच्या काहिलीपाशी उभं राहायचं, गूळ उतरवायचा आणि मधूनच कानावरची बिडी काढून निखाऱ्यावर पेटवायची. कुणी रागावलं की म्हणायचे, "आगीपाशी जल्म गेला. बिडीचा धूर मला काय करनार?" लहानपणी मला मात्र गुपचूप हातावर काकवी घालायचे आणि "चाट पटकन" म्हणायचे. मी आईचा मार खाईन, पण नानांची काकवी सोडणार नाही!

गेल्या वर्षी हंगामात मी माहेरी आले होते. गुऱ्हाळावर चहा पिता पिता नाना सहज म्हणाले, "दिवाळीपास्नं अंगातली उष्णता बाहीर पडतीया. लघवी लाल हुती, जास्वंदीवानी."

मी कप खाली ठेवला. "नाना, रक्त?"

"व्हय, रक्तच. पर दुखत न्हाई, जळजळ न्हाई. धने-जिऱ्याचं पानी पितो, बंद हुतं. मग फिरून येतं."

चुलवाणात जाळ घालणारा बबन शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "जाळापाशी ऱ्हायचं म्हंजी हुनारच. सब्जा घ्या नाना."

अहो, काय बोलावं! लघवीतून रक्त जातंय आणि ही माणसं सब्ज्याची चर्चा करतायत!

दुसऱ्या दिवशी त्यांना गाडीत घालून नगरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, बीट खाल्लं होतं का? कुठे मार लागला? पोटात कळ येते? ताप? रक्त पातळ करायच्या गोळ्या? प्रत्येकाला नानांचं खणखणीत "न्हाई". मला वाटलं, चला, सुटलो. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरत गेला. म्हणाले, "न दुखता रक्त जातं, त्याचीच मला जास्त भीती वाटते."

लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, मग दुर्बीण घालून पाहिलं. लघवीच्या पिशवीत गाठ होती. तुकडा तपासायला गेला आणि कॅन्सर निघाला. कारण? बहुतेक बिडी! मी हबकलेच. बिडी छातीला खाते एवढं ठाऊक होतं. धुरातलं विष रक्तातून लघवीत उतरतं आणि पिशवीत साचून राहतं, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

"पण मधे रक्त थांबायचं ते?" मी विचारलं.

"रक्त आपोआप थांबतं. गाठ वाढतच असते."

नाना हळूच म्हणाले, "म्हंजी धन्या-जिऱ्यानं फसवलं व्हय मला!"

ऑपरेशन झालं, पण गाठ पिशवीबाहेर पसरली होती. पुढचा हंगाम त्यांनी पाहिला नाही. मला अजून खरं वाटत नाही. नुसता संताप येतो, कुणावर ते कळत नाही.

पुणतांब्याला गोदावरीवर दहावा झाला. माणसं पांगली, तरी बबन माझ्यामागे घुटमळत होता.

"ताई, त्या डाक्टरकडं नंबर लावता येईल का?"

"कुणासाठी रे?"

तो नदीकडं बघत राहिला. "माज्यासाठी."

"कधीपासून?"

"नानांच्या आदीपास्नं. दुखत न्हाई म्हून बोललो न्हाई."