झेंडूची माळ घातलेला लेथ

त्या पत्र्याचं नुसतं नाव निघालं तरी आजही माझं डोकं फिरतं. वरखाली चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, मध्ये काळं प्लास्टिक. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कुठल्याशा प्रदर्शनातल्या परदेशी स्टॉलचे तुकडे तळोज्याच्या भंगारवाल्याकडे आले आणि मी हरखलो.

आई गेल्यावर वडिलांना मी सावंतवाडीहून वाशीच्या फ्लॅटवर आणलं होतं. जन्मभर लाकडी खेळणी कातलेला माणूस, दिवसभर बाल्कनीत नुसता बोटं चोळत बसायचा. एकदा म्हणालेच, "हाताक काम गावला तर रवतंय. नायतर माका गावाक धाड." त्यांनी राहावं म्हणून मी बाल्कनीत मावेल असा, लाकूड कातायचा छोटा लेथ करायला घेतला. लोखंडी सांगाड्याच्या वेल्डिंगला सोसायटीच्या सेक्रेटरीने साफ नकार दिला होता. नुसत्या बोल्टांनी जोडता येईल असा हा पत्रा म्हणजे मला देवानेच धाडलेला वाटला.

कसला देव! बोल्ट आवळावा तर मधलं प्लास्टिक दबायचं, पत्र्याला खळगा पडायचा. आज घट्ट केलेला बोल्ट उद्या ढिला. मोठे वॉशर घातले, पत्रे दुहेरी केले, बायकोशी विनाकारण भांडलो. शेवटी खंडेनवमीला सांगाडा उभा राहिला. वडिलांनी आंघोळ करून लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, म्हणून चालवून बघायचं ठरलं दसऱ्याला.

दसऱ्याला मोटर सुरू केली आणि अख्खा सांगाडा थडथडायला लागला. लाकडाला पटाशी टेकेना. मी संतापून पाना उचलला. "सगळं खोलतो आणि लोखंडाचंच करतो. सेक्रेटरी गेला खड्ड्यात!"

वडिलांनी माझा हात धरला. "पूजलेला मोडूचा नाय. माळ सुकान पडांदे, मगे बघ."

"बाबा, फुलांचं काय घेऊन बसलात?"

ते ऐकेनात. रोज कामावरून आलो की मी आधी त्या माळेकडे बघायचो. झेंडू कसला चिवट! ओढून फेकावीशी वाटायची. वडील मात्र लेथशेजारी खुर्ची टाकून बोटं चोळत बसायचे.

दिवाळीआधी म्हणाले, "घरात दिवो लावूक कोण नाय थंय." मी खूप विनवलं. शेवटी त्यांना सावंतवाडीच्या एसटीत बसवून आलो.

परतलो तर माळ फरशीवर पडलेली.

"आता खोला की," बायको म्हणाली.

कोणासाठी खोलू, हे मला तिला विचारवलं नाही.